४२.३४ मीटरवरचा आवाज

आगाशीच्या आमच्या घरी माळ्यावर एक जुना टेबल ट्रान्झिस्टर आहे. लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, दोन मोठी बटणे आणि मधोमध आकड्यांची काचेची पट्टी. वडिलांनी तो घेतला तेव्हा मी शाळेत होतो. त्या काळी रेडिओ ऐकायलाही परवाना लागे. ते पुस्तक घेऊन पोस्टात जाण्याचे आणि वर्षाची फी भरून आणण्याचे काम माझ्याकडे असे. ऐंशीच्या दशकात हा परवाना रद्द झाला, पण पुस्तक आईने जपून ठेवले होते.

परवा एक तरुण संग्राहक विरारहून रिक्षा करून तो पाहायला आला. त्याने पेटी उलटी करून पाहिली, बटणे मूळचीच आहेत ना याची खात्री केली, काचेला तडा नाही म्हणून खूश झाला. बँकेत तारण पारखणारा माणूसही इतका बारकाईने पाहत नाही. शेवटी त्याने विचारले, वाजतो का? वाजत असला तर किंमत वाढते. मी दोन दिवसांनी सांगतो म्हटले. कारण त्याने पट्टी पाहिली होती, पण पट्टीवरची एक जागा त्याला ठाऊक नव्हती.

शॉर्टवेव्हच्या ओळीत २५, ३१, ४१, ४९ असे आकडे असतात. वडील कधीकधी काटा ४१ च्या किंचित पुढे नेऊन थांबवत. तिथे नुसती खरखर असे. ते सांगत, बेचाळीस साली इथे एक मुलगी बोलायची. त्यांनी स्वतः तो आवाज ऐकला नव्हता, ऐकलेल्यांकडून ऐकला होता. ती मुलगी म्हणजे उषा मेहता.

उषाताईंचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सरस गावचा. वडील इंग्रजी अमलातले न्यायाधीश. गांधीजींना तिने अगदी लहानपणी पाहिले आणि १९२८ साली, आठव्या वर्षी, सायमन कमिशनच्या निषेधाच्या फेरीत ती चालली. पुढे एका मिरवणुकीत पोलिसांच्या लाठ्यांनी झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुलांना ते इतके लागले की त्यांनी तिरंग्याच्या रंगांचे कपडेच शिवून घेतले. हातातला झेंडा हिसकावता येतो, अंगावरचा कसा हिसकावणार? वडील नोकरीत होते तोवर त्यांना मुलीचे हे उद्योग रुचणे कठीणच होते. निवृत्तीनंतर, १९३२ साली, कुटुंब मुंबईला आले आणि तिची वाट मोकळी झाली. विल्सन कॉलेजातून १९३९ साली तत्त्वज्ञान घेऊन ती पदवीधर झाली आणि कायदा शिकू लागली.

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी तुरुंगात होते. वर्तमानपत्रांवर बंधने, सभांना बंदी. देशात काय चालले आहे हे देशालाच कळेना. बावीस वर्षांच्या उषाने अभ्यास सोडला आणि बाबूभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी या साथीदारांबरोबर ठरवले की आपला रेडिओ हवा.

हे सोपे नव्हते. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द केले होते. पैसा उभा करायचा, यंत्र जुळवायचे, ते चालवणारा माणूस मिळवायचा. शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने यांनी सामग्री आणि तंत्रज्ञांची मदत दिली. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणारे ते हेच. आणि २७ ऑगस्ट १९४२ ला ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. आपण हिंदुस्थानातून, कुठून तरी बोलत आहोत, एवढाच पत्ता तो सांगे. प्रत्यक्षात तो मुंबईतच होता.

त्या वेळचे रेडिओ आमच्या माळ्यावरच्यासारखे नव्हते. ट्रान्झिस्टरचा शोधच मुळी अमेरिकेत डिसेंबर १९४७ चा. बेचाळीसचे संच व्हॉल्व्हचे, जड, विजेवर तापून मग बोलू लागणारे आणि मोजक्याच घरांत असलेले. पण शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आदळून परत खाली येतात, म्हणून लहानशा यंत्राचा आवाजही दूरवर पोचतो. सुरुवातीला ‘हिंदोस्ताँ हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’, आणि मध्ये बातम्या व भाषणे, हिंदुस्थानीत आणि इंग्रजीत. चितगावची बॉम्बफेक, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरचे अत्याचार. वर्तमानपत्रे जे छापू धजत नव्हती, ते या रेडिओने सांगितले. डॉ. राममनोहर लोहियांचीही भाषणे त्यावरून झाली.

सरकारी यंत्रणा आवाजात खरखर मिसळत होती आणि लहरींचा माग काढत शहरभर फिरत होती. म्हणून यंत्र सतत हलवावे लागे. आज या घरात, काही दिवसांनी दुसऱ्या. भाड्याने जागा घ्यायची, शेजाऱ्यांना संशय येऊ द्यायचा नाही, काम झाले की बिऱ्हाड उचलायचे. जेमतेम अडीच महिने हे चालले.

१२ नोव्हेंबरला घात झाला. पोलीस आधी बाबूभाईंच्या कचेरीत शिरले. उषा तिथेच होती. ती कशीबशी निसटली, पण पळाली नाही. त्या रात्रीचे प्रक्षेपण व्हायला हवे म्हणून सरळ यंत्राकडे गेली. त्यांच्याच एका तंत्रज्ञाने पोलिसांना ठिकाण दाखवले होते. ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू असताना दारे फोडून पोलीस आत आले. उषा आणि चंद्रकांत झवेरी पकडले गेले.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला तिचा उरलेला भाग अधिक मोठा वाटतो. सहा महिने चौकशी चालली. एकांतवास झाला. साथीदारांची नावे सांगितली तर परदेशी शिक्षणाची सोय करू, असे आमिषही दाखवले गेले. तिने नावे सांगितली नाहीत. कोर्टात तिने न्यायाधीशांना एवढेच विचारले की उत्तरे देणे आपल्यावर बंधनकारक आहे का. नाही, असे कळल्यावर तिने एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही, सुटकेला उपयोगी पडतील अशा प्रश्नांनाही नाही. जिने बोलण्यासाठी सारे पणाला लावले, तिने गप्प राहण्यासाठीही तेवढेच लावले. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाला चार, चंद्रकांत यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले.

येरवड्याच्या तुरुंगात तब्येत ढासळली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचार होऊन पुन्हा येरवडाच. १९४६ साली मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना सुटका झाली. स्वातंत्र्य आले त्या दिवशी उषाताई आजारी होत्या, अंथरुणावर. दिल्लीच्या सोहळ्याला त्यांना जाता आले नाही.

पुढे त्यांना राजकारणात जागा मिळू शकली असती. त्या शिकवायला गेल्या. गांधीजींच्या राजकीय विचारावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली, विल्सन कॉलेजात शिकवले, मुंबई विद्यापीठातल्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९८० साली निवृत्त झाल्या. लग्न केले नाही, खादी सोडली नाही, मणिभवनाचे काम अखेरपर्यंत पाहिले. १९९८ साली पद्मविभूषण मिळाले. स्वतंत्र देशातल्या भ्रष्टाचाराने त्या व्यथित होत, पण मिळालेल्या स्वातंत्र्याला त्यांनी कधी कमी लेखले नाही. २००० सालच्या ९ ऑगस्टला अंगात ताप असताना त्या क्रांतिदिनाच्या कार्यक्रमाला गेल्या. दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

आयुष्यभर बँकेत नावे-जमा लिहिण्यात गेले, म्हणून मला हा हिशेब सुटत नाही. अडीच महिन्यांचे बोलणे जमेला, आणि त्यापोटी चार वर्षांची शिक्षा व कायमची बिघडलेली प्रकृती नावे. ऐकणाऱ्याला मात्र ते सारे फुकट मिळाले, घरात बसून, बटण फिरवून. आम्ही तर रेडिओच्या परवान्याची फी भरतानाही कुरकुरत होतो.

संग्राहकाचा काल फोन आला. रेडिओ देतो म्हटले. माळ्यावर धूळ खाण्यापेक्षा पुसणारा, जपणारा माणूस बरा. वाजतो का, या त्याच्या प्रश्नाचे उत्तरही दिले. मीडियम वेव्ह वाजते, शॉर्टवेव्हवर खरखर आहे. किंमत त्याने ठरवावी. माझी एकच अट आहे. नेण्याआधी त्याने अर्धा तास ओटीवर बसावे. मी काटा ४१ च्या किंचित पुढे नेऊन ठेवणार आहे आणि तिथे कोण बोलत होते ते त्याला सांगणार आहे.