सूर्यापासून घड्याळापर्यंत : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

आमच्या निवासी शाळेत रविवारी पहाटेची घंटा एक तास उशिरा होते. विद्यार्थ्यांना तो तास फार प्रिय आहे. हा रविवार आपल्याकडे आला कोठून, असे आम्ही इतिहासाच्या तासाला दरवर्षी विचारतो. इंग्रजांनी दिला, असे उत्तर हमखास मिळते. ते अर्धेच खरे आहे. सरकारी कचेऱ्यांना रविवार होता. मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र तो नव्हता. त्याला तो मिळवून देणाऱ्या सत्यशोधकाचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. हे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षणही बेताचेच झाले. रेल्वे व टपाल खात्यांत काही काळ नोकरी केल्यावर ते मुंबईतील मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून लागले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचाराने त्यांच्या जीवनाला दिशा दिली, तर गिरणीतील नोकरीने त्या विचाराला कार्यक्षेत्र दिले. हिशेबाच्या वहीत सुताची गासडी, तेलाचा डबा, यंत्राचा सुटा भाग, साऱ्यांची नोंद होत असे. माणूस दिवसाकाठी किती वेळ राबतो, याची नोंद मात्र कोठेच नसे.

हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत कामाचा दिवस साधारणपणे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. मुंबईत मार्गशीर्ष-पौषात दिवस सुमारे 11 तासांचा, तर ज्येष्ठात सव्वातेरा तासांचा असतो. म्हणजे उन्हाळ्यात कामगाराचे श्रम रोज दोन तासांहून अधिक वाढत. महिन्याचा पगार मात्र तेवढाच राही. शेतकऱ्याचा दिवसही सूर्याबरोबरच चालतो, असा युक्तिवाद केला जाई. परंतु शेतकरी थकला की बांधावर बसू शकतो. वाफेवर चालणारे यंत्र कोणासाठी थांबत नाही. जुने माप नव्या कामाला लावले गेले आणि त्यातील सारा फायदा मालकाच्या पदरात पडला.

1880 साली लोखंडे यांनी ‘दीनबंधू’ची धुरा उचलली. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 1877 मध्ये सुरू केलेले हे पत्र आता मुंबईतून कामगारांची बाजू मांडू लागले. 1881 मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. त्याने 7 वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि 7 ते 12 वर्षांच्या मुलांचे काम 9 तासांवर आणले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी तो मुका राहिला. सात वर्षांच्या लेकरासाठी नऊ तास म्हणजे सुधारणा, यावरून त्या काळाची कल्पना यावी.

1884 मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. ही संधी साधून लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात परळला कामगारांची सभा भरवली आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. दर रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन मिळावे, अशा त्या मागण्या होत्या. आज त्या माफक वाटतात. त्यांतील तिसरी मागणी आम्हांस विशेष वाटते. दिवसाचा आरंभ घड्याळाने ठरावा आणि शेवट सूर्याने, असे तिचे स्वरूप आहे. अर्धा दिवस का होईना, मोजमापाखाली आला पाहिजे, हा आग्रह तिच्यात स्पष्ट दिसतो.

विरोध दोन बाजूंनी झाला. हिंदी कामगार मुळातच सुस्त आहे, तो यंत्रावर कमी आणि अंगणात जास्त असतो, म्हणून तास लांब ठेवावे लागतात, असे मालक म्हणत. दुसरा आक्षेप अधिक बोचरा होता. असे कायदे मँचेस्टरच्या कापड व्यापाऱ्यांना हवे आहेत, त्यामुळे स्वदेशी उद्योग बुडेल, असे अनेक राष्ट्रवादी पत्रेही लिहीत होती. मँचेस्टरचा स्वार्थ खोटा नव्हता. पण परक्याचा स्वार्थ पुढे करून आपल्याच माणसाचा घाम हिशेबाबाहेर ठेवणे हे देशहित कसे ठरेल? लोखंडे यांनी त्या गदारोळात कामगाराची बाजू सोडली नाही.

आळसाच्या आरोपाचे उत्तर पुढे काळाने दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले, दिवस आणखी लांबला आणि पुन्हा चौकशी झाली. 1908 च्या आयोगापुढे असे चित्र आले की, त्या लांबलचक दिवसात कामगार मधूनमधून यंत्र सोडून जात, जेवत, विडी ओढत, अंघोळही उरकत. हजेरीचे तास एक आणि प्रत्यक्ष कामाचे तास दुसरे होते. शरीर आपली विश्रांती चोरून घेत होते, कारण ती उघडपणे मिळत नव्हती. हे आम्ही विद्यार्थ्यांना एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. एका विणकराने 14 तासांत 28 वार कापड विणले, दुसऱ्याने 10 तासांत 25 वार. माणशी हिशेब केला तर पहिला सरस. ताशी केला तर पहिला 2 वार आणि दुसरा अडीच वार. कोणत्या मापाने मोजायचे, यावरच कोण आळशी आणि कोण उद्यमी हे ठरते. राष्ट्राच्या उत्पादकतेचेही तसेच आहे.

24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे 10,000 कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगात लोखंडे स्थानिक सहकारी सदस्य होते. 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची अर्धा तास विश्रांती पक्की केली आणि स्त्रियांचे काम 11 तासांवर आणले. पुरुषाच्या दिवसाला अजूनही सीमा नव्हती.

‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’च्या या अध्वर्यूचे कार्य गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार नाभिक बांधवांनी केला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. 1893 च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सलोख्यासाठी ते झटले. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात, 10 मार्चला, सावित्रीबाई पुण्यात त्याच साथीत, तशाच सेवेत गेल्या.

लोखंडे यांचे अपुरे काम पुढे सरकत राहिले. पुरुष कामगाराचा दिवस 1911 मध्ये कापड गिरण्यांत 12 तास, 1922 मध्ये 11 तास व 1934 च्या कायद्याने 10 तास आणि आठवड्याला 54 तास झाला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 च्या दुरुस्तीने आठवडा 48 तासांवर आणला. बाबासाहेबांनी 14 तासांचे 8 तास केले, असे आपल्या सभांतून सांगितले जाते. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही ते वाक्य दुरुस्त करतो. त्याने बाबासाहेबांची थोरवी तसूभरही कमी होत नाही. उलट लोखंडे यांच्यापासून चाललेली साखळी दिसते आणि बाबासाहेब तिच्या कोणत्या कडीवर उभे होते, हे कळते. तासांचा हिशेब मागणाऱ्यांनी आपला इतिहासही अचूक मोजला पाहिजे.

आमच्या शाळेतील कितीतरी मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. तेथे मजुरी टनावर असते. पहाटे किती वाजता फडात उतरले आणि गाडी भरायला किती रात्र झाली, हे कोणी लिहीत नाही. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. त्या हिशेबात आईचे तास वेगळे उरतच नाहीत. मुले दिवाळीनंतर शाळेत परततात, तेव्हा आम्ही त्यांना एक गृहपाठ देतो : आईच्या एका दिवसाचे तास लिहून आणा. एका मुलीने वही कोरी आणली होती. कारण विचारले, तर म्हणाली, आई कधी उठते आणि कधी निजते हे पाहिलेच नाही, दोन्ही वेळा मी झोपेत असते. त्या कोऱ्या पानावर आकडा लिहिला जाईल, तेव्हाच नारायण मेघाजी लोखंडे यांचे काम पूर्ण होईल. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.