४४३ वर थांबलेला कोल्हापूरचा गडी

काठियावाड नावाचा क्रिकेट संघ आज कुणाला आठवत नाही. १९४६-४७ पासून जेमतेम चार हंगाम तो रणजी करंडकात खेळला, मग सौराष्ट्र झाला. त्याआधी याच भागाचा संघ वेस्टर्न इंडिया नावाने उतरायचा. पण या अल्पायुषी संघाचं नाव आपल्या कोल्हापूरशी कायमचं जोडलं गेलंय, ते भाऊसाहेब निंबाळकरांमुळे.

भाऊसाहेब कोल्हापूरचेच, जन्म १२ डिसेंबर १९१९ चा. बडोद्याकडून त्यांनी मोठ्या क्रिकेटमध्ये पाऊल टाकलं, थोरले बंधू रावसाहेबही बडोद्याचे खेळाडू. पुढे भाऊसाहेब महाराष्ट्राकडून खेळू लागले.

डिसेंबर १९४८, पुण्याचं पूना क्लब मैदान. काठियावाड २३८ वर बाद. मग भाऊसाहेब आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली! भांडारकर २०५ वर गेले, भाऊसाहेब मात्र हलेनात. महाराष्ट्र ४ बाद ८२६, भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमन यांचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर. दोन-तीन षटकांचंच काम होतं, बघा.

नेमकं तेव्हाच, विश्रांतीच्या वेळी, काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब अडून बसले. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असा त्यांचा पवित्रा. संघ खरंच निघून गेला, सामना तिथंच संपला. विक्रम आपल्याविरुद्ध झाला म्हणून नाव लागेल, ही धास्ती असावी. आम्हाला यात काही शोभेचं दिसत नाही. हरणं मैदानावरचं असतं, पण दुसऱ्याच्या ताटातला घास काढून घेणं वेगळं. आणि गंमत अशी की नाव टाळायला गेलेल्या काठियावाडचं नाव आज निघतं ते याच सामन्यामुळं.

ब्रॅडमनना मागं टाकलं ते दहा वर्षांनी, जानेवारी १९५९ मध्ये कराचीत हनीफ मोहम्मद यांनी. ४९९ वर ते धावबाद झाले. हनीफ कुठले? जुनागढचे, म्हणजे त्याच काठियावाडचे. फाळणीनंतर त्यांचं कुटुंब तिकडं गेलं. घरंच्या घरं उठली त्या काळात, आणि काठियावाडचं पोरगं दुसऱ्या देशाकडून खेळलं.

भाऊसाहेब पुढे होळकर संघात गेले. इंदूरचा तो संघही फार वर्षं टिकला नाही, १९५५ ला संपला, पण त्या काळात त्यानं चारदा रणजी जिंकली. सी. के. नायडू कर्णधार, आणि सोबत सय्यद मुश्ताक अली, ज्यांनी १९३६ ला मँचेस्टरमध्ये परदेशातलं भारताचं पहिलं कसोटी शतक ठोकलं होतं. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदूंचा संघ वेगळा, मुसलमानांचा वेगळा असायचा. इथं होळकरांच्या संघात मात्र निंबाळकर आणि मुश्ताक अली एकाच बाजूला.

एवढं असून भाऊसाहेबांना एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. प्रथम श्रेणीत पावणेपाच हजारांच्या वर धावा, बारा शतकं, शिवाय मध्यमगती गोलंदाजी. निवडणाऱ्यांना आणखी काय हवं होतं, कळत नाही. २००२ मध्ये बीसीसीआयने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते.

११ डिसेंबर २०१२ ला कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. त्र्याण्णवावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वांत मोठी खेळी अजून तीच आहे, नाबाद ४४३.