ऑलिव्हर हेविसाइड

ऑलिव्हर हेविसाइड (१८ मे १८५० – ३ फेब्रुवारी १९२५) हे इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ, गणितज्ञ व विद्युत् अभियंता होते. लघुतरंग प्रसारण ऐकण्यासाठी अँटेनापासून रेडिओपर्यंत जी समाक्ष, म्हणजेच कोॲक्शियल केबल आणली जाते, तिचे एक आद्य पेटंट त्यांचे आहे. केबलीतून संदेश कसा वाहतो हे सांगणारी समीकरणेही त्यांचीच. दूरदेशीचे लघुतरंग पृथ्वीकडे परत वळवणाऱ्या वातावरणातील थराचे भाकीतही त्यांनी केले होते. त्यांनी विद्यापीठीय शिक्षण घेतलेले नव्हते.

जीवन

हेविसाइड यांचा जन्म लंडनच्या कॅमडेन टाउन भागात झाला. वडील थॉमस लाकडावरील कोरीवकामाचे कारागीर होते. लहानपणी आलेल्या लोहितांग ज्वराने त्यांना ऐकू कमी येऊ लागले. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. त्यांच्या मावशीचे पती सर चार्ल्स व्हीट्स्टन हे विद्युत् तारायंत्राच्या जनकांपैकी एक असल्याने हेविसाइड त्याच क्षेत्राकडे वळले. १८६८ मध्ये ते डेन्मार्क व इंग्लंड यांना जोडणाऱ्या समुद्री तारेवर नोकरीस लागले. १८७४ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली व त्यानंतर आयुष्यभर दुसरी केली नाही. आईवडिलांच्या घरी राहून त्यांनी मॅक्सवेल यांच्या विद्युत् चुंबकत्वावरील ग्रंथाचा अभ्यास केला. आज मॅक्सवेल यांच्या नावाने शिकवली जाणारी चार समीकरणे या सुटसुटीत सदिश रूपात प्रामुख्याने हेविसाइड यांनी १८८४–८५ च्या सुमारास मांडली.

समाक्ष केबल व प्रेषणमार्गाचा सिद्धांत

जवळजवळ टाकलेल्या दोन तारांपैकी एकीतील संदेश दुसरीत उमटतो, ही त्या काळच्या तारखात्याची मोठी अडचण होती. एक वाहक दुसऱ्या नळीसारख्या वाहकाच्या आत ठेवल्यास ही बाधा टळते, या कल्पनेवर हेविसाइड यांनी १८८० मध्ये पेटंट घेतले. अशा केबलीचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू होण्यास मात्र जवळपास अर्धे शतक जावे लागले.

याहून महत्त्वाचे काम सिद्धांताचे होते. लॉर्ड केल्व्हिन यांच्या १८५५ च्या सिद्धांतात तारेचा रोध व धारकता एवढ्यांचाच विचार होता. हेविसाइड यांनी त्यात प्रवर्तकत्व व निरोधकातून होणारी गळती यांची भर घातली. रोधाचे प्रवर्तकत्वाशी असलेले गुणोत्तर गळतीच्या धारकतेशी असलेल्या गुणोत्तराइतके झाले, तर संदेश क्षीण होईल पण विकृत होणार नाही, असे त्यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले. प्रत्यक्ष तारांत प्रवर्तकत्व कमी पडते. म्हणजे ते मुद्दाम वाढवायला हवे, असा याचा अर्थ होता.

ब्रिटिश टपाल खात्याचे विद्युत् तज्ज्ञ विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलट होते. प्रवर्तकत्व हाच दोष, असे ते मानत. हेविसाइड यांचे थोरले बंधू आर्थर त्याच खात्यात अभियंता होते. दोघा भावांनी मिळून लिहिलेल्या शोधनिबंधाला प्रीस यांनी १८८७ मध्ये परवानगी नाकारली. पुढे अमेरिकेत मायकेल प्यूपिन यांनी तारेत ठरावीक अंतरांवर वेटोळी बसवण्याचे पेटंट मिळवले व त्यातून मोठी रक्कम कमावली. मूळ तत्त्व मांडणाऱ्या हेविसाइड यांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. प्रीस यांना हेविसाइड यांचे गणित कितपत समजले होते याची शंकाच आहे. अधिकारपद मात्र त्यांच्याकडे होते.

लघुतरंग ग्रहणातील उपयोग

संरोध ही संज्ञा हेविसाइड यांनी १८८६ मध्ये रूढ केली. केबलीचा लाक्षणिक संरोध उच्च कंप्रतेला प्रवर्तकत्व भागिले धारकता यांच्या वर्गमूळाइतका असतो. तो केबलीच्या लांबीवर अवलंबून नसतो. आतील तार व बाहेरील वेष्टन यांच्या व्यासांचे गुणोत्तर आणि मधला निरोधक यांवर ठरतो. बाजारात ५० व ७५ ओहमच्या केबली मिळतात. बहुतेक लघुतरंग ग्राहकांचे प्रवेशद्वार ५० ओहमचे असते, म्हणून दूरचित्रवाणीची ७५ ओहमची केबल चालणार नाही, असा समज आढळतो. या जोडणीवर जेमतेम ४ टक्के शक्ती परत फिरते, त्यामुळे केवळ ऐकण्यासाठी तो निराधार आहे. आरजी-५८ जातीच्या ३० मीटर केबलीत १० मेगाहर्ट्झला सुमारे दीड डेसिबल क्षीणन होते. आरजी-६ मध्ये त्याहून कमी. लघुतरंगांवर बाहेरचा गोंगाट इतका असतो की संदेश व गोंगाट दोन्ही सारखेच क्षीण होतात आणि ऐकण्यात फरक पडत नाही.

निवड करताना वेष्टनाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. उच्च कंप्रतेचा प्रवाह वाहकाच्या पृष्ठभागालगतच वाहतो. हा त्वचा परिणामही हेविसाइड यांनी १८८५ मध्ये व्यापक रूपात मांडला होता. त्यामुळे संदेशाचा प्रवाह वेष्टनाच्या आतल्या बाजूने, तर घरातील दिवे व चार्जर यांनी निर्माण केलेला गोंगाट बाहेरच्या बाजूने वाहतो. विरळ जाळीच्या वेष्टनातून तो आत शिरतो. दाट जाळी व धातूचा पापुद्रा असे दुहेरी वेष्टन त्याला रोखते. लांब तारेच्या अँटेनाचा संरोध शेकडो ओहम असतो. म्हणून ती व केबल यांच्यामध्ये सहसा ९:१ प्रमाणाचे छोटे रोहित्र बसवतात.

हेविसाइड थर

मार्कोनी यांचे संदेश वक्र पृथ्वीवरून अटलांटिकपार कसे पोहोचले, याचे कोडे होते. वातावरणात उंचावर विद्युत् वाहक थर असावा, असे हेविसाइड यांनी १९०२ मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील लेखात सुचवले. त्याच वर्षी आर्थर केनेली यांनीही स्वतंत्रपणे तसेच अनुमान काढले. केनेली यांचा जन्म मुंबईतील कुलाब्याचा. एडवर्ड ॲपलटन यांनी डिसेंबर १९२४ मधील प्रयोगाने या थराचे अस्तित्व सिद्ध केले, तेव्हा हेविसाइड मृत्युशय्येच्या उंबरठ्यावर होते.

उत्तरायुष्य

१८९१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. तरीही क्रियाकारी कलनावरील त्यांच्या निबंधमालेचा पुढील भाग सोसायटीने गणिती काटेकोरपणा नसल्याच्या कारणावरून नाकारला. १८९६ पासून त्यांना वर्षाला १२० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले. १९२२ मध्ये पहिले फॅराडे पदक त्यांना देण्यात आले. अखेरची वर्षे त्यांनी डेव्हनमधील टॉर्की येथे एकांतात व आर्थिक ओढगस्तीत काढली. तेथेच त्यांचे निधन झाले. पेंटन येथील दफनभूमीत त्यांना आईवडिलांशेजारी पुरण्यात आले.