साताऱ्याचे रजिस्टर, एल्फिन्स्टनचा फळा आणि आमची ठाकुरवाडी

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. रजिस्टरातला क्रमांक १९१४. आम्ही कर्जत-खालापूरकडची मंडळी त्या दिवशी विहारात जमतो, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो, आपल्याच मुलांना वह्या वाटतो. गेल्या वर्षी वह्या उरल्या म्हणून ठाकुरवाडीत नेल्या. तिथली शाळा चौथीपर्यंत. पाचवीला डोंगर उतरून खाली यायचे, नाहीतर आश्रमशाळेत जायचे. नवोदय विद्यालयाचे नाव एकाही आईबापाच्या कानावर गेलेले नव्हते. परत आल्यावर बाबासाहेबांच्या शाळेचे दिवस आम्ही नव्याने वाचून काढले. ते सगळ्यांना पाठ आहेत असे आपण समजतो.

१४ एप्रिल १८९१ ला महूला जन्मलेल्या या मुलाचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, लष्करी शाळेत शिकवत. म्हणजे घरात अक्षरओळख होती, शिस्त होती, इंग्रजीचा आग्रह होता. हे लक्षात ठेवायला हवे, कारण एवढे असूनही साताऱ्याच्या वर्गात त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई आला तरच पाणी मिळे. सरकारी शाळेने नाव दाखल करून घेतले होते. बाकीचे सारे बाहेरच ठेवले होते.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीतली एक खोली, तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा. मुलगा लवकर झोपे आणि वडील रात्री दोनला उठवीत. मग दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. आपल्याकडच्या चरित्रांत या लेकींचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, हे आम्हाला खटकते.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही त्या काळची नावाजलेली सरकारी शाळा. तिथे प्रवेश मिळणे ही मोठीच गोष्ट होती. पण एकदा गणित सोडवायला गुरुजींनी भीमरावांना फळ्याजवळ बोलावले तेव्हा वर्गातली मुले धावली. फळ्यामागे त्यांचे डबे ठेवलेले होते, ते विटाळतील म्हणून. त्याहून दूरवर परिणाम करणारी गोष्ट विषयाची होती. त्यांना संस्कृत घ्यायचे होते. शिक्षकाने अस्पृश्याच्या मुलाला शिकवायला नकार दिला आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. शाळा तीच, फी तीच, पण त्या शाळेतला जो वर्ग मानाचा समजला जाई त्याचे दार बंद. पुढे स्वतःच्या कष्टाने त्यांनी संस्कृत ग्रंथ वाचले आणि शूद्र कोण होते यावर १९४६ मध्ये पुस्तक लिहिले. ते शिक्षक इतिहासात निनावीच राहिले.

१९०७ साली मॅट्रिक पास, ७५० पैकी २८२ गुण. आजच्या टक्केवारीच्या हिशेबात कोणी त्याकडे वळूनही पाहणार नाही. समाजाने मात्र सभा भरवली, आणि त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकरांची ओळख बागेतली. शाळा सुटल्यावर वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला आणि पुस्तके देऊ लागले. पुढे महाराज सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचाच हात होता. तिथून एल्फिन्स्टन कॉलेज, १९१३ ला कोलंबिया, मग लंडन, बॅरिस्टरी. हा भाग सर्वांना माहीत आहे.

आम्हाला जास्त मोलाचे वाटते ते परत आल्यानंतर त्यांनी केलेले काम. मुंबई विधिमंडळात १९२७ च्या मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी हिशेब मांडला, की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत जेमतेम १८ पोचतात. त्याच महिन्यात आपल्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळ्याची गोष्ट आपण सांगतो, १८ मुलांची सांगत नाही.

१९२८ मध्ये त्यांनी दलित शिक्षण संस्था काढली आणि हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे सुरू केली. पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड अशा ठिकाणी. पनवेल म्हणजे खालापूरच्या शेजारचेच. सरकारी अनुदान पुरत नसे, म्हणून इतर समाजांतल्या दात्यांकडेही हात पसरावा लागला. त्याच वर्षी सरकारने स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य, ठक्करबाप्पाही. १९३० मध्ये अहवाल आला. ही समिती एकट्या अस्पृश्यांसाठी नव्हती. आदिवासी जमातीही तिच्या कामात होत्या, म्हणजे आपल्या डोंगरातले ठाकर आणि कातकरीसुद्धा. ठाकुरवाडी आपला विषय नाही असे म्हणणाऱ्या आपल्या काही बांधवांनी हे पाहावे.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी तीन लाखांच्या शिष्यवृत्त्या मिळवल्या. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, २० जून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचे कॉलेज. मग १९५१ आले. मद्रास सरकारने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी कॉलेजांतल्या जागा समाजवार वाटल्या होत्या; सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द केली. त्यावर पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ मध्ये चौथे उपकलम आले. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी संसदेत तिची बाजू मांडली. सरकारी शाळा-कॉलेजांतल्या राखीव जागा आज या उपकलमाच्या आधारावर उभ्या आहेत. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले, तेव्हा नवोदय विद्यालये सुरू व्हायला अजून ३० वर्षे होती.

रायगडचे नवोदय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. सहावीला ८० जागा, राहणे-जेवण-शिक्षण फुकट, तीन चतुर्थांश जागा खेड्यातल्या मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना राखीव. कागदावर यात खोट काढता येणार नाही. पण पाचवीत असतानाच परीक्षा द्यायची, दुसरी संधी नाही. दोन तासांत ८० प्रश्न, त्यातले २० भाषेचे. घरात ठाकरी बोलणाऱ्या मुलाला तो पुस्तकी मराठीचा उतारा परका वाटतो. अर्ज ऑनलाइन, त्यावर मुख्याध्यापकाची सही, आणि परीक्षेच्या दिवशी मजुरी बुडवून सोबत जाणारे कोणीतरी. आपल्या वस्तीतली मुले यासाठी शिकवणी लावतात आणि चांगले यश मिळवतात. आम्हाला त्याचा अभिमान आहे. आदिवासींच्या राखीव जागांसाठी मात्र या वाडीतून आजवर अर्जच गेलेला नव्हता.

यंदा पाचवीतल्या चार मुलांचे अर्ज आम्ही विहारातल्या संगणकावरून भरले. दोन मुली आहेत. दर रविवारी खालच्या गावातल्या विहारात उताऱ्यांचा सराव होतो. एक निवृत्त शिक्षक येतात, आणि त्यांना ठाकरी कळत नसल्याने वाडीतला बारावी झालेला एक मुलगा शेजारी बसून अर्थ सांगतो. पावसात ओढा भरला की दोन रविवार चुकतात. परीक्षेला त्यांना घेऊन जायला गाडी हवी आहे, आणि त्या दिवशी सकाळी सहाला वाडीच्या पायथ्याशी उभे राहणारे दोघे जण.