ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स : त्यांचें चरित्र व आपलें शास्त्रमनन



ज्युबिलीच्या वर्षीं देवमंदिराला नवा रंग दिला जातो, दिवंगत धर्मगुरूंचीं नांवें आदरानें घेतलीं जातात, आणि उपकारस्तुतीचा मिस्सा मोठ्या थाटानें अर्पिला जातो. हें सर्व योग्यच आहे. परंतु ज्या देवशब्दावर आपली ही मंडळी उभी राहिली, तो शब्द आपल्या घरांत रोज उतरतो कीं नाहीं, याचाही विचार या वर्षीं व्हावा असें आम्हांस वाटतें. म्हणून या स्मरणिकेंत आम्ही अशा एका सत्पुरुषाचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे, कीं ज्यांनीं परक्या देशांत जन्म घेऊन मराठी माणसाला मराठींतच शास्त्राचें मनन करण्यास शिकविलें. ते सत्पुरुष म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते, येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. मुलगा दहा वर्षांचाही नसेल, तोंच राणी एलिझाबेथ हिच्या राजवटींत मिस्सा करणें हा गुन्हा ठरला. कॅथलिक कुटुंबें दारें लावून प्रार्थना करूं लागलीं. अशा दिवसांत तरुण स्टीफन्स यांची थॉमस पाउंड नांवाच्या एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशीं मैत्री जडली. स्टीफन्स नोकराचा वेष घेऊन त्यांच्याबरोबर हिंडत, आणि छळ सोसणाऱ्या बांधवांस धीर देत. दोघांनीं रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा निश्चय केला होता. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले, आणि पुढें सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत त्यांनीं काढलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले. २० ऑक्टोबर १५७५ रोजीं ते येशूसंघांत दाखल झाले.

येथें थोडें थांबून एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. येशूसंघांत येणाऱ्या प्रत्येकास संत इग्नेशियस यांनीं घालून दिलेली आध्यात्मिक साधना करावी लागते. या साधनेच्या ग्रंथास पोप तिसरे पॉल यांनीं १५४८ सालीं मान्यता दिली होती. तींत शुभवर्तमानांतील प्रसंग नुसता वाचावयाचा नसतो. तो डोळे मिटून पाहावयाचा असतो. बेथलेहेमची वाट किती लांब आहे, गुहा उंच आहे कीं ठेंगणी, तेथें कोण बोलतें आहे, कोण मुकाट्यानें काम करीत आहे, हें सर्व मनानें पाहून व ऐकून साधकानें स्वतःही त्या गुहेच्या एका कोपऱ्यांत नम्रपणें उभें राहावयाचें असतें. मग जें सुचेल तें प्रभूशीं, मित्रानें मित्राशीं बोलावें तसें, बोलावयाचें. ही संवय ज्याच्या अंगीं मुरली त्याला शास्त्र हें केवळ जुन्या काळचें वृत्त वाटत नाहीं. स्टीफन्स यांच्या पुढील सर्व कार्याचें बीज याच संवयींत आहे असें आम्हांस वाटतें.

४ एप्रिल १५७९ रोजीं ते लिस्बनहून गलबतांत बसले, आणि त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. या साडेसहा महिन्यांच्या प्रवासाचें वर्णन त्यांनीं १० नोव्हेंबरच्या पत्रांत आपल्या वडिलांस लिहून कळविलें. खलाशांच्या सुजणाऱ्या हिरड्यांपासून समुद्रावरील पक्ष्यांपर्यंत त्यांनीं सारें बारकाईनें टिपलें आहे. हिंदुस्थानांत वस्ती करून राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहास त्यांची नोंद घेतो. परंतु ते व्यापारासाठीं वा राज्यासाठीं आले नव्हते. मायदेशीं ते पुन्हां कधींही गेले नाहींत. गुरुदीक्षा झाल्यावर गोव्याच्या साष्टी प्रांतांत त्यांची नेमणूक झाली, आणि उरलेल्या आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनीं तेथेंच वेंचला.

साष्टींतील तो काळ सोपा नव्हता, आणि तो सोपा होता असें आम्ही भासवूं इच्छित नाहीं. १५६७ सालीं पोर्तुगीज सत्तेनें तेथील देवळें पाडलीं होतीं. जुनीं पुराणें बाळगण्यास मनाई झाली होती. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें, अकबर बादशहाच्या दरबारीं राहून आलेले फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचीं शवें मिळवून त्यांस मूठमाती देण्याचें दुःखद काम फादर स्टीफन्स यांच्या वांट्यास आलें. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकऱ्यांस आसोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार केलें. धर्मासाठीं प्राण वेंचणाऱ्यांचें आपण पूज्यभावानें स्मरण करतों. परंतु तलवारीच्या छायेंत देवशब्द पेरला गेला म्हणजे जमिनीला किती जखमा होतात, हेंही या इतिहासानें आपणांस शिकवावें.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांनीं आपल्या भावास एक पत्र लिहिलें. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, हें निरीक्षण त्या पत्रांत आहे. विद्वान लोकांनीं या विषयाचा पद्धतशीर विचार करण्यापूर्वीं दोनशें वर्षें एका मिशनऱ्याच्या कानांनीं तो संबंध ओळखला होता. तसेंच राल्फ फिच, जॉन न्यूबेरी वगैरे इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगांत पडले, तेव्हां त्यांची सुटका होण्यास याच फादरांची खटपट उपयोगी पडली. ज्यांचा स्वतःचा मित्र तुरुंगांत खितपत पडला होता, त्यांना बंदिवानाची दया यावी यांत नवल नाहीं.

आतां ख्रिस्तपुराणाकडे वळूं. या ग्रंथाची निर्मिती एका प्रश्नांतून झाली, असें कवीनें आरंभींच सांगितलें आहे. साष्टींत एका रविवारीं धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण पुढें आला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें आम्हांपासून गेलीं. आतां वेळ घालविण्यास व मनास बोध होण्यास आमच्या भाषेंत त्यांच्या जागीं दुसरें कांहीं नको काय? वाचकहो, हा प्रश्न साधा नाहीं. एका समाजाचे हात रिकामे झाले होते, आणि ते हात तो पुढें करून दाखवीत होता. बाप्तिस्मा मिळाला, प्रार्थना पाठ झाल्या, परंतु संध्याकाळीं ओटीवर बसून ऐकावें, आठवावें, घोळवावें असें कांहीं उरलें नव्हतें. फादर स्टीफन्स यांनीं त्या माणसास गप्प बसविलें नाहीं. त्यांनीं त्याच्या भुकेचें मोल ओळखलें.

उत्तर देण्यास त्यांस कित्येक वर्षें लागलीं. कोंकणी त्यांनीं लोकांत राहून आत्मसात केली. तिचें त्यांनीं लिहिलेलें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं छापलें गेलें. मराठी तर त्यांस इतकी आवडली कीं ग्रंथारंभीं त्यांनीं तिचें मुक्तकंठानें गौरवगान केलें आहे. ज्या ओवी छंदांत ज्ञानेश्वर व एकनाथ यांनीं लोकांस परमार्थ सांगितला, तोच छंद त्यांनीं घेतला. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर व दुसऱ्याचे ५९. सर्व मिळून ओव्या सुमारें ११,०००. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या आशेपर्यंतची जुन्या करारांतील कथा आहे, व दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे. मधूनमधून श्रोता शंका विचारतो आणि पाद्री तिचें निरसन करतात. ऐकणाऱ्यानें प्रश्न विचारावा, हें त्या ग्रंथाच्या रचनेंतच बसविलेलें आहे.

मराठी मजकूर नागरी लिपींतच छापावा अशी फादरांची मनीषा होती. ५ डिसेंबर १६०८ च्या पत्रांत त्यांनीं रोमच्या वरिष्ठांपाशीं त्यासाठीं परवानगी मागितली होती. अक्षरांच्या खिळ्यांची संख्या फार मोठी होई, ही त्यांतली अडचण होती. शेवटीं १६१६ सालीं रायतूर येथें हा ग्रंथ रोमन लिपींत छापून निघाला. त्यानंतर तीन वर्षांनीं, १६१९ सालीं, सुमारें सत्तर वर्षांच्या वयांत फादर स्टीफन्स प्रभूच्या चरणीं विलीन झाले. त्या वेळीं आपलें डहाणूही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतांत मोडत होतें; १७३९ सालीं तें मराठ्यांनीं घेतलें.

त्यांच्या पश्चात् ग्रंथाचें काय झालें? १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रविवारीं व सणावारीं मिस्सानंतर लोक तो देवमंदिरांत मोठ्यानें वाचून घेत, आणि ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांसही त्यांतील ओव्या मुखोद्गत होत. परंतु १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें लोकांनीं आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. असें असूनही ग्रंथ मेला नाहीं. भाविकांनीं तो हातानें उतरून घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या जपला. अशा हस्तलिखितांवरून १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं मंगळूर येथें तो पुन्हां प्रसिद्ध केला. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास नागरी लिपींत छापविला. आणि २००९ सालीं फादर नेल्सन फलकाव यांनीं तो आजच्या मराठी गद्यासह वाचकांच्या हातीं दिला. जें हृदयांत सांठविलें होतें, तें हुकुमानें पुसतां आलें नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. डहाणू व तलासरीच्या या मुलखांत येशूसंघाच्या फादरांनीं बहुत श्रम केले आहेत. तलासरीचें ज्ञानमाता सदन सर्वांस ठाऊकच आहे. आज आपल्या हातीं पुस्तकांची वाण नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें सुबोध बायबल २०१० सालीं निघालें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं सर्व श्रद्धावंतांस शास्त्रवाचनाचा आग्रह केला. मोबाइलवर तर सारें बायबल खिशांत मावतें. उणीव आहे ती निवांत मननाची.

मनन म्हणजे मोठ्या विद्वत्तेचें काम, असा कित्येकांचा समज आहे. सेमिनरींत पहाटेची घंटा झाली कीं आम्ही मननास बसत असूं. परंतु मनन हें सेमिनरीच्या भिंतींपुरतें खचित नाहीं. बाराव्या शतकांतील गिगो नांवाच्या एका मठवासी साधूनें त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : वाचन, मनन, प्रार्थना व देवसान्निध्यांतील विसावा. आपल्या घरीं त्या अशा चढाव्या. शनिवारीं रात्रीं जेवणापूर्वीं, ज्यास वाचतां येतें त्यानें रविवारचें शुभवर्तमान सावकाश दोनदां वाचावें. मग थोडा वेळ सर्वांनीं गप्प राहावें. त्यानंतर प्रत्येकानें आपल्या मनांत राहिलेला एकच शब्द बोलून दाखवावा, लहान मुलानेंही. त्या शब्दावरून छोटीशी प्रार्थना करावी, आणि तोच शब्द आठवडाभर बरोबर न्यावा. लावणीस वांकलेल्या बाईनें पेरणाऱ्याचा दाखला आठवावा. डहाणूच्या किनाऱ्यावरील मच्छीमारानें रात्रभर रित्या राहिलेल्या जाळ्यांचा प्रसंग आठवावा. उंबरगांव-वापीच्या कारखान्यांत जाणाऱ्या तरुणानें प्रवासांत मोबाइल क्षणभर खिशांत ठेवून तो शब्द मनांत घोळवावा. वीटभट्टीवर बिऱ्हाड घेऊन गेलेल्या कुटुंबाबरोबर जाड पुस्तक जात नाहीं. परंतु एक शब्द सहज जातो.

ज्यांस वाचतां येत नाहीं अशा आमच्या वृद्ध आईबापांनीं तर मुळींच संकोच करूं नये. वारली लग्नांत धवळेरी पुस्तक हातीं न धरतां किती गाते! ऐकून सांठविणें आणि योग्य वेळीं मुखांतून बाहेर आणणें, ही विद्या आपल्या मुलखाला नवी नाहीं. पवित्र मरियेनेंही पाहिलेलें व ऐकलेलें सारें अंतःकरणांत ठेवून त्याचा विचार केला, असें संत लूक सांगतो.

शेवटीं साष्टींतील त्या माणसाच्या प्रश्नाकडे पुन्हां वळूं. कारण तो प्रश्न आज आपल्या दारींही उभा आहे. रविवारीं आपण ग्रांथिक मराठींत शास्त्र वाचतों. पाड्यावरील आजी घरीं वारली बोली बोलते, कोकणा आजोबा आपली बोली बोलतात. त्यांच्या भुकेला त्यांच्या बोलींत काय मिळतें? नवें पुराण रचणें सर्वांस साधणार नाहीं. परंतु वाचून झाल्यावर नातवानें आजीला तोच प्रसंग तिच्या बोलींत सांगावा, आणि तिनें प्रश्न विचारला तर तिला गप्प बसवूं नये. उत्तर ठाऊक नसेल तर तो प्रश्न आम्हां धर्मगुरूंपाशीं आणावा. एवढें ज्या घरांत घडेल, तेथें फादर स्टीफन्स यांचें काम पुढें चालूं आहे असें आम्ही समजूं.

प्रभु आपल्या शब्दानें आपलीं घरें भरून टाको, आणि ज्युबिलीची खरी कृपा आपणां सर्वांस प्राप्त होवो, हीच आमची प्रार्थना.