पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर आणि शिवकृपा

इंदूर-महेश्वरच्या भाविकांना मातोश्री अहिल्यादेवींचे चरित्र नव्याने सांगावयास नको. तथापि भगवंताची कृपा भक्तावर कोणत्या रूपाने होते, या दृष्टीने ते पुन्हा पाहण्यासारखे आहे.

३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. (हे गाव ज्या जिल्ह्यात आहे तो आता त्यांच्याच नावाने ओळखला जातो.) सन १७३३ मध्ये सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सन १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने धारातीर्थी पडले. अहिल्यादेवी सती जाण्यास निघाल्या असता वृद्ध मल्हाररावांनी विनवणी करून त्यांना परावृत्त केले. पुढे सन १७६६ मध्ये स्वतः मल्हारराव आणि लगेच १७६७ मध्ये एकुलते पुत्र मालेराव निवर्तले. नातू नथ्याबाही अल्पवयात गेला. सन १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले, तेव्हा कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. सासऱ्यांच्या विनवणीमुळे एके काळी स्वतः मागे फिरलेल्या या मातेला आपल्या लेकीला मात्र मागे फिरविता आले नाही.

सांसारिक सुखालाच कृपा म्हणावयाचे, तर ती अहिल्यादेवींच्या वाट्यास फारच थोडी आली, हे मान्य केले पाहिजे. भाविकांनी हा प्रश्न टाळू नये; त्यांनीही तो टाळला नसावा. तरीही राज्य शिवाचे व आपण केवळ त्याच्या सेवेकरी, ही त्यांची निष्ठा अढळ राहिली. आज्ञापत्रे श्रीशंकराच्या नावाने निघत. सन १७६७ पासून अखेरपर्यंत माळव्याच्या रयतेला न्याय व स्वास्थ्य लाभले ते याच निष्ठेतून. इतके आघात सोसूनही हे अंतःकरण कठोर झाले नाही, यातच आम्हांस शिवकृपा दिसते.

धर्मकार्याचा मोठा खर्च त्या आपल्या खासगीतून करीत. सन १६६९ मध्ये उद्ध्वस्त झालेले काशी विश्वनाथाचे मंदिर त्यांनी सन १७८० च्या सुमारास पुन्हा उभे केले. सोमनाथ, गयेचे विष्णुपद मंदिर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे यांची यादी फार मोठी आहे. दूरदूरच्या देवस्थानांना गंगाजलाच्या कावडी पोहोचविण्याची व्यवस्थाही त्यांनी लावून दिली होती. आपल्या दौलतीबाहेरच्या यात्रेकरूंचीही त्यांनी तेवढीच चिंता वाहिली.

१३ ऑगस्ट १७९५, श्रावण वद्य चतुर्दशी, या दिवशी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. तेथील वाड्यात नर्मदेच्या मातीची लहान पार्थिव लिंगे करून त्यांचे पूजन करण्याचा त्यांचा नेम पुढेही चालू राहिला असून, पूजा आटोपल्यावर ती लिंगे नर्मदामाईच्या पात्रात विसर्जित केली जातात.