शांतिब्रह्म श्रीएकनाथ

सोळाव्या शतकात गोदातीरी पैठण येथे श्रीएकनाथ महाराज होऊन गेले. देवगिरीस श्रीजनार्दनस्वामींच्या चरणी विद्या व उपासना संपादून ते स्वग्रामी परतले व संसारी राहूनच परमार्थ करू लागले.

नाथ स्नान करून परतत असता एक उपद्रवी मनुष्य त्यांच्यावर थुंके. नाथ निमूटपणे पुन्हा गोदेत उतरत. असे 108 वेळा घडले व अखेर तोच शरण आला, अशी परंपरा आहे. बालपणी कीर्तनात ही कथा ऐकताना त्याच्या शरणागतीतच आम्हांस नाथांचा विजय दिसे. आता वाटते, तो शरण आला नसता तरी नाथांचे काहीच अडले नसते; त्यांचे चित्त त्याच्याकडे नव्हे, स्नानाकडे होते.

1573 मध्ये काशीस पूर्ण केलेल्या भागवतटीकेच्या तेविसाव्या अध्यायात नाथांनी अवंतीच्या भिक्षूची कथा विस्तारिली आहे. लोकांनी छळलेला तो भिक्षू दुःखाचे मूळ आपल्याच मनात शोधतो. पुढे 1584 मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. निंदकांना उत्तरे देण्यातच त्यांचे दिवस सरते, तर हे धन आपणांस लाभते काय? 1599 मध्ये त्यांनी देह ठेवला. नाथषष्ठीस त्यांचे स्मरण करताना आपणही कोणाच्या कटु शब्दांपायी आपले नित्यकर्म सोडू नये.